मराठीचे क्रेडिट मागताना संकोच कसला?

सांगली,
९ नोव्हेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्या बसची वेळ झाली होती आणि इकडे आजीच्या डोळ्यांत रात्रीचे थेंब घालायचे होते. पण फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस ते मनातून जात नाही. "आई, मराठीची परीक्षा देऊन क्रेडिट घ्यायचं म्हणजे फुकटचं घेतल्यासारखं वाटतं. माझी मैत्रीण तीन वर्षं स्पॅनिशचा होमवर्क करतेय आणि मी एका दुपारी जाऊन तेवढंच घेऊन येणार." हे फोनवर घाईघाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. मुद्दाम देवनागरीत लिहितेय. सावकाश वाच, अडलं तर बाबांना विचार.

माझं म्हणणं आधीच सांगते. परीक्षा दे, आणि ताठ मानेने दे. फक्त मधल्या काळात लिहिण्यावर मेहनत घे, कारण तुझं क्रेडिट अडलं तर तिथेच अडेल.

तुमच्या वॉशिंग्टन राज्यात शाळेतून पास होऊन बाहेर पडायला २४ क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची एककं, लागतात. साधारणपणे त्यातली दोन दुसऱ्या भाषेची धरतात, आणि राज्यातल्या विद्यापीठांत प्रवेश हवा असेल तर ती दोन हवीतच. वर्षभर वर्गात बसलं की एक क्रेडिट. पण वर्गात न बसताही भाषा येत असेल, तर ती किती येते हे परीक्षेत दाखवायचं आणि त्याप्रमाणे क्रेडिट घ्यायचं, अशी सोय राज्याने केली आहे. मोजपट्टी सगळ्या भाषांना एकच. नॉव्हिस म्हणजे नवशिका, इंटरमीजिएट म्हणजे मधला, आणि त्या प्रत्येकात लो, मिड, हाय अशा चढत्या पायऱ्या. नॉव्हिस मिड या पायरीला एक क्रेडिट, नॉव्हिस हायला दोन, इंटरमीजिएट लोला तीन, इंटरमीजिएट मिडला चार. स्पॅनिश असो, सोमाली असो, खुणांची भाषा असो की आपली मराठी.

ही मोजपट्टी तुमच्यासारख्या घरी भाषा बोलणाऱ्या मुलांना सूट द्यावी म्हणून कोणी काढलेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला प्रश्न पडला होता की परदेशी पाठवायच्या अधिकाऱ्याला तिथली भाषा खरोखर येते का. किती वर्षं शिकला, कुठलं पुस्तक संपवलं, याने काहीच कळत नव्हतं. म्हणून त्यांनी माणूस त्या भाषेत काय करू शकतो हे बघून पायऱ्या ठरवल्या. पुढे अ‍ॅक्टफल या अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या संस्थेने त्यावरूनच शाळा-कॉलेजांसाठीच्या पायऱ्या बांधल्या आणि १९८६ मध्ये छापल्या. तुझी मैत्रीण स्पॅनिशच्या वर्गात ज्या पायऱ्या चढतेय, त्या याच. पोहता येतं की नाही हे पाहताना विहिरीत शिकलीस की तलावात, हे कोणी विचारत नाही. तसंच आहे हे.

आणि फुकट कसं गं? रविवारी सकाळी बाकीची मुलं झोपलेली असताना तू मराठी शाळेत जाऊन बसायचीस. पाचवीत असताना "मला नाही जायचं" म्हणून रडलीस, तरी गेलीस. घरी बाबा एक शब्द इंग्रजीत बोलू देत नव्हते तेव्हा चिडचिड करत का होईना, मराठीत वाक्य जुळवत होतीस. आजीशी दर शुक्रवारी बोलायचा नेम तू मोडला नाहीस. त्या मेहनतीवर कुणी ग्रेड दिली नाही, एवढाच फरक.

मागच्या उन्हाळ्यात इथे आली होतीस तेव्हाचं आठवतं का? आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला तू एकटी मेडिकलमध्ये गेलीस. मी मागून भाजी घेऊन आले तेव्हा तू काउंटरला टेकून उभी होतीस आणि विचारत होतीस, "काका, आजीची सकाळची गोळी पांढरी असते, ही गुलाबी कशी? डॉक्टरांनी बदललीय का, की कंपनी वेगळी आहे?" त्यांनी पाकीट उलटं करून बारीक अक्षर दाखवलं, तू वाचायचा प्रयत्न केलास, पुन्हा एकदा विचारून खात्री केलीस. घरी येऊन आजीला म्हणालीस, "नाव वेगळं आहे पण औषध तेच आहे. जुन्या संपल्या की मग या सुरू कर, दोन्ही एकदम घेऊ नकोस." मी काही न बोलता ऐकत होते. अचानक काही अडचण आली, ती समजून घेतली, प्रश्न विचारले आणि दुसऱ्याला नीट समजावून सांगितलं, हे त्या मोजपट्टीवर इंटरमीजिएटच्याही वर, ॲडव्हान्स्डमध्ये धरतात. रोज ते जमेल असं मी म्हणत नाही. पण बोलण्यात तू कुठे आहेस हे मला त्या दिवशी कळलं.

आता ज्याची काळजी वाटते ते. क्रेडिट ठरवताना शाळा तुझी सगळ्यात वरची पायरी धरत नाही, सगळ्यात खालची धरते. बोलणं इंटरमीजिएट मिडला पोचलं आणि लिहिणं नॉव्हिस हायवर राहिलं, तर क्रेडिट दोनच मिळणार. मला हा नियम रास्त वाटतो. घरी भाषा बोलणाऱ्या मुलांचं नेमकं इथेच घोडं अडतं, कारण बोलणं कानावर पडून येतं आणि लिहिणं कोणी मुद्दाम बसवून घेतल्याशिवाय येत नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधी तू आजीला चिठ्ठी पाठवली होतीस ती मी जपून ठेवली आहे. "आजी तु लवकर बरि हो. मी शाळात भाषण दीला. सगळे खुश झाले." आजीने ती तीन-चारदा वाचली. आता आई म्हणून नाही, तपासणाऱ्याच्या नजरेने बघते. 'तु', 'बरि', 'दीला' इथे ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, पण त्याची फार चिंता करू नकोस, या पायरीवर त्याने अर्थ अडत नाही. 'शाळात' नाही, 'शाळेत'. 'भाषण दिला' नाही, 'भाषण दिलं'. बोलताना तू हे बरोबर बोलतेस! म्हणजे कानाला माहीत आहे, हाताला नाही. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचायची सवय लाव, निम्म्या चुका तुझ्या तुलाच ऐकू येतील.

त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तुझी वाक्यं सुटी सुटी पडतात. तीन वाक्यं, तीन वेगळी माणसं एकमेकांशी न बोलता उभी असल्यासारखी. भाषण कशावर होतं, सगळे खूश का झाले, तुला आधी भीती वाटली होती का, हे त्यात काहीच नाही. खालच्या पायरीवर पाठ केलेले शब्द आणि ठरावीक वाक्यं चालतात. वर जायचं तर स्वतःचं म्हणणं स्वतःच्या वाक्यांत सांगता आलं पाहिजे, आणि 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा', 'जेव्हा', 'आधी', 'नंतर' अशा शब्दांनी ती वाक्यं एकमेकांना धरून राहिली पाहिजेत. "मी शाळेत भाषण दिलं. आधी फार भीती वाटत होती, कारण तीनशे मुलं समोर होती, पण बोलायला लागल्यावर भीती गेली." बघ, यात एकही अवघड शब्द नाही.

रोज दहा ओळी लिही. विषय मी देणार नाही. दिवसभरात जे घडलं ते लिही. एक दिवस काल घडलेलं, एक दिवस उद्या करायचं आहे ते, म्हणजे सगळे काळ वापरात येतील. शब्द अडला तर इंग्रजी शब्द घालून पुढे जा, 'प्रोजेक्ट', 'लॅब' हे आपणही मराठीत बोलतोच. पण अख्खं वाक्य इंग्रजीत गेलं की तेवढं मराठी तू दाखवलंच नाहीस असं होतं. आणि फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आजपासून बंद कर. देवनागरीचा कीबोर्ड टाकून घे. परीक्षेत टाइप करायचं असेल आणि जोडाक्षरं कशी काढायची हे तिथे शोधत बसलीस, तर येत असलेलंही लिहून होणार नाही.

बोलण्याचीही थोडी तयारी लागेल. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर समोर माणूस नसतो. प्रश्न दिसतो आणि माइकमध्ये बोलायचं असतं. आजी कशी मधे "अगं बाई, मग?" म्हणते आणि तू पुढे सांगतेस. तिथे "मग?" म्हणणारं कोणी नाही. दोन वाक्यं बोलून गप्प बसायची सवय मोडायला हवी. फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून दोन-तीन मिनिटं सलग बोलून बघ.

चार क्रेडिटची पायरी गाठलीस आणि इंग्रजीच्या अटीही पूर्ण झाल्या, तर डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येतात अशी मोहरही मिळेल. हे सील पहिल्यांदा आलं कॅलिफोर्नियात, २०११ च्या कायद्याने. त्याच राज्यात १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं होतं की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शाळेत जवळपास सगळं इंग्रजीतूनच शिकवायचं. तो नियम २०१६ मध्ये पुन्हा मतदानानेच मागे घेतला. तुमच्या राज्याने सील आणलं २०१४ मध्ये. आता अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या राज्यांत ते आहे.

तुमच्या भागातली एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. आपण आउटलेट मॉलला जाताना टुलालिप या मूळ रहिवाशांच्या वस्तीवरून जातो ना, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी बोर्डिंग शाळा होती. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवत, आणि आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा होई. त्यांची भाषा लशूटसीड. सिएटलच्या आसपासच्या कितीतरी नद्या-गावांची नावं त्या भाषेतून आली आहेत. ती बोलणारे हळूहळू संपत गेले. व्हाय हिल्बर्ट या अप्पर स्कॅजिट जमातीच्या बाईंनी म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी उतरवून घेतल्या, वॉशिंग्टन विद्यापीठात ती भाषा शिकवली, शब्दकोशाच्या कामात हातभार लावला. २००८ मध्ये त्या गेल्या. आज टुलालिपची लहान मुलं शाळेत लशूटसीड शिकतात, आणि ती भाषा कुणाला किती येते हे ठरवायचा अधिकार राज्याने त्या-त्या जमातीला दिला आहे. ज्या भाषेसाठी मार बसायचा, तिचंच आज क्रेडिट मिळतं.

आपल्या मराठीवर अशी वेळ आली नाही. २०११ च्या जनगणनेत आपण सव्वाआठ कोटींहून जास्त होतो. पण तुमच्याच राज्यात याकिमाच्या सफरचंदांच्या बागांत काम करणाऱ्यांची स्पॅनिश बोलणारी मुलं, टकविलातली सोमाली मुलं, युक्रेनहून आलेली मुलं, यांची घरातली भाषा शाळेला पुष्कळदा अडचणच वाटत आली. इंग्रजीत मागे पडलेलं मूल एवढीच त्यांची ओळख. त्या मुलांना ही परीक्षा म्हणजे चार वर्षांचं काम आधीच हातात आहे असं सांगणारा कागद आहे. ज्या दारातून ती मुलं जातात, त्याच दारातून तू जाणार आहेस. तू "फुकटचं" म्हणालीस तेव्हा तो शब्द त्यांनाही लागू झाला, म्हणून मला तो टोचला.

क्रेडिट मिळाल्यावर मोकळे झालेले पिरियड सिरॅमिक्सला दे, माझी ना नाही. त्यातला एक स्पॅनिशला द्यावास असं मात्र वाटतं. तुझ्या राज्यात राहून, पुढे नर्सिंगचं मनात असताना, ती भाषा रोज उपयोगी पडेल. हट्ट नाही, विचार कर.

शाळेच्या काउन्सिलरला, म्हणजे मार्गदर्शन करणाऱ्या बाईंना किंवा सरांना, भेटशील तेव्हा एवढं विचारून ये: मराठीची परीक्षा तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट कधी घेतो आणि नाव कधीपर्यंत द्यायचं, लिहिणं आणि बोलणं एवढंच असतं की वाचणं-ऐकणंही, लिहायचं हाताने की टाइप करून, फी आपल्याला भरावी लागते का, आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ग्रेड येते की नुसतं 'पास'. राज्याबाहेरच्या कॉलेजांत अर्ज करायचा असेल तर अशी क्रेडिट ते कशी धरतात, हे त्या-त्या कॉलेजला वेगळं विचारायला लागेल. ते बाबांवर सोपव.

आजीचा डोळा छान आहे. पट्टी निघाली, डॉक्टर खूश आहेत. वाचायला आणखी काही दिवस लागतील, तोवर तुझ्या दहा ओळी मी तिला वाचून दाखवीन. पहिल्या ओळी या रविवारी रात्रीपर्यंत पाठव, म्हणजे सोमवारी सकाळी चहाबरोबर वाचता येतील. दुरुस्त्या करून परत पाठवते.

बाबांना सांग, फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या संपवा.

तुझी,
आई