या, बसा. तुम्ही काय चालवता?

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फर्स्ट शिफ्टला लागलेली मुलं आता पहाटे उठून कंपनीची बस गाठतात. काकांना पत्र लिहायचंय, असं प्रत्येक जण म्हणतो आणि कागद समोर आला की अडतो. म्हणून त्यांच्या वतीने आम्ही, त्यांचे आयटीआयचे निदेशक, लिहितो आहोत. जाहीर लिहितो आहोत, कारण शनिवारी दुपारी आमच्या वर्कशॉपमध्ये नोकरीच्या मुलाखतीची तयारी म्हणून तुम्ही जे शिकवलंत ते वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या गेटवर फाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलांच्याही उपयोगाचं आहे.

पण सगळ्यात आधी आभार एका वाक्याचे. सराव मुलाखतीला पहिला मुलगा दारात उभा राहिला. हात मागे, नजर फरशीवर. तुम्ही अर्धवट उठलात, समोरची खुर्ची स्वतः ओढून दिलीत आणि म्हणालात, "या, बसा. तुम्ही काय चालवता?"

एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तुम्ही’. घरी, शाळेत आणि आमच्या वर्कशॉपमध्येही त्याने आजवर ‘ए’, ‘अरे’, ‘इकडे ये रे’ एवढंच ऐकलेलं. तुम्ही टक्के विचारले नाहीत, वडील काय करतात हे विचारलं नाहीत. काय चालवता, एवढंच. दोन क्षण गेले आणि तो म्हणाला, "लेथ चालवतो, सर." आवाज स्वच्छ होता. लेथ (धातू कातायचं यंत्र) चालवणारा माणूस दुसऱ्या लेथ कळणाऱ्या माणसाशी बोलत होता, आणि कामाची मुलाखत एवढीच असते, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी इतकं सोपं करून दाखवलं नव्हतं.

याआधी काय काय झालं होतं तेही लिहायला हवं. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर झालं, तीन दिवस, फी घेऊन. त्यात टाय कसा बांधायचा, हात किती घट्ट मिळवायचा आणि ‘माझा दोष असा की मी परफेक्शनिस्ट आहे’ हे इंग्रजी वाक्य पाठ. चाळीस मुलांचं एकच वाक्य! प्रॉडक्शनचा माणूस मुलाखतीला बसला की पहिल्या पाच मिनिटांत मुलाच्या हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) देतो, हे त्या तीन दिवसांत एकदाही कुणी सांगितलं नाही. मुलं मुलाखतीहून परत आली ती ‘आपल्याला इंग्रजी येत नाही’ हा समज घेऊन. व्हर्नियर वाचता आला नाही म्हणून नाव कटलं, हे त्यांना कळलंच नाही. याचा राग आम्हाला अजून आहे.

तुम्ही कापडी पिशवीतून तीन रिजेक्ट जॉब, म्हणजे नाकारलेले सुटे भाग, आणलेत. एक शाफ्ट (गोल दांडा), एक बुश (आत भोक असलेली नळी) आणि टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) तुटून आत अडकलेली एक प्लेट. नोट्स नाहीत, प्रश्नसंच नाही. या तीन वस्तूंवर तुम्ही अख्खी तयारी उभी केलीत.

शाफ्टचं ड्रॉइंग होतं २५ मिमी, फिट छोटा जी ६ (माप किती कमी-जास्त चालेल याचा संकेत). म्हणजे माप २४.९८० ते २४.९९३ च्या आत हवं. टेबलावर व्हर्नियर, साधा मायक्रोमीटर आणि डिजिटल मायक्रोमीटर मांडलेले. मुलं सवयीने व्हर्नियर उचलायची आणि तुम्ही तिथेच थांबवायचात. सगळी सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, मिळून ०.०१३ मिमी, आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंट (तो मोजू शकतो ते सगळ्यात लहान माप) ०.०२. जे साधन त्या फरकापेक्षा जाड मोजतं ते जॉब पास की फेल कसं ठरवणार? साधन त्या फरकाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारं हवं, हा धरून चालायचा नियम. साधा मायक्रोमीटरही ०.०१ वर थांबतो, म्हणून इथे ०.००१ चा डिजिटल. लीस्ट काउंटची व्याख्या आमची सगळी मुलं धडाधडा म्हणून दाखवतात. कुठलं साधन उचलायचं आणि का, हे विचारलं की अडतात, आणि कंपनीत विचारतात ते हेच.

मग मोजणं. साधनाचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) आणि जॉब पुसायचा. जॉ मिटवून शून्य बघायचं. शून्य पुढे सरकलेलं असेल तर तेवढं मापातून वजा करायचं. जॉब तिरका धरायचा नाही. मायक्रोमीटर नेहमी रॅचेटने (टोकाच्या, ठरावीक दाबाला सुटणाऱ्या मुठीने) फिरवायचा, थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) पिळून नाही, कारण पिळला की माप कमी येतं. डोळा रेघेच्या सरळ समोर. मुख्य पट्टीवर २४ आणि व्हर्नियरची १७ वी रेघ जुळली तर २४ अधिक १७ गुणिले ०.०२, म्हणजे २४.३४ मिमी. हे तोंडाने बोलत बोलत करायचं, ही तुमची अट आम्हाला फार पटली. मुलगा मनात मोजून नुसता आकडा सांगतो तेव्हा समोरच्याला फक्त चूक की बरोबर एवढंच कळतं. बोलत मोजला की त्याची पद्धत दिसते, आणि आकडा थोडा चुकला तरी पद्धतीला मार्क मिळतात.

बुशवर तुमचा आवडता प्रश्न होता: रिवर्क की स्क्रॅप, म्हणजे दुरुस्त होईल की भंगारात जाईल? भोक २५ एच ७, म्हणजे २५.००० ते २५.०२१. प्लग गेजची (भोक तपासायच्या दुतोंडी दांड्याची) ‘गो’ बाजू जात नसेल तर भोक लहान आहे, रिमिंग करून, म्हणजे भोक किंचित मोठं करून, जॉब वाचेल. ‘नो-गो’ बाजूही आत गेली तर भोक मोठं झालंय, जॉब लाल पेटीत. शाफ्टचं बरोबर उलटं, जाड असेल तर वाचतो, बारीक झाला की गेला. गेलेलं मटेरियल परत चिकटत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि मागच्या बाकावरच्या मुलीने वहीत लिहून घेतलं. पुढे हाच प्रश्न तिला कंपनीत आला. नंतर ‘घरचे रोज इतक्या लांब पाठवतील का’ असंही विचारलं. ती म्हणाली, "बसचा थांबा घरापासून दहा मिनिटांवर आहे, मी विचारून ठेवलंय." हेही तुमचंच. उत्तरात माहिती द्यायची, शपथ घ्यायची नाही. रात्रपाळी जमेल का, याला ‘हो सर, काहीही करेन’ असं म्हणणारा मुलगा तीन आठवड्यांत काम सोडतो, हे एचआरवाल्यांना पाठ आहे. पत्ता, बस, वेळ सांगणारा टिकतो.

तुटलेल्या टॅपची प्लेट सगळ्यांत बोलकी. एम १० (१० मिमीचा आटा), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५, मग ड्रिल किती? १० वजा १.५, साडेआठ. आठचं मारलं तर टॅपवर भार येतो. कटिंग ऑइल नाही, टॅप काटकोनात नाही, चिप तोडायला अर्धा फेरा मागे फिरवला नाही, बंद भोकात टॅप तळाला टेकला, यातलं काहीही टॅप तोडतं. ‘तुमच्याकडून कधी टॅप तुटलाय का?’ असं तुम्ही प्रत्येकाला विचारलंत. सगळे ‘नाही’ म्हणाले. दोन वर्षं फिटर ट्रेड केलेल्या मुलाकडून टॅप तुटलाच नसेल तर त्याने टॅपिंग केलेलंच नाही, हे समोरच्याला कळतं. तुटला, का तुटला, नंतर काय बदललं, या तीन वाक्यांत जो सांगतो त्याच्यावर विश्वास बसतो. दोषाच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. ‘परफेक्शनिस्ट’ त्या दिवशी वर्कशॉपमधून हद्दपार झाला.

सीएनसीवाल्यांसाठी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनवाल्यांसाठी) प्रश्न एकच ठेवलात. व्यास ५०.०० हवा, आला ५०.०४, काय कराल? निम्मी मुलं म्हणाली, प्रोग्राम बदलू. प्रोग्रामला हात लावायचा नाही. जॉब पुसा, थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. ५० मिमीचं स्टील वीस अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण ०.०१ फुगतं, म्हणजे ०.०४ चा सगळा दोष उष्णतेवर ढकलता येणार नाही. मग इन्सर्टची (कापणाऱ्या बदलत्या पात्याची) धार बघा. ती ठीक असेल तर वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेची भरपाई टाकायच्या जागी) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०४. लेथ व्यासावर प्रोग्राम केलेला असेल तर पूर्ण आकडा टाकायचा, निम्मा नाही. आणि पुढचा जॉब मोजल्याशिवाय लॉट सोडायचा नाही. शेवटचं वाक्य बहुतेक सगळे विसरतात, आणि क्वालिटीचा माणूस नेमका तेवढ्याचसाठी कान देऊन बसलेला असतो.

बाकीच्या गोष्टी तुम्ही भरभर सांगितल्यात, आम्हीही तशाच लिहितो. कडं, अंगठी, गळ्यातला दोरा घरी ठेवून जायचं. फिरत्या मशिनवर ते घालणारा माणूस सुपरवायझरला नको असतो. स्वतःची ओळख चार वाक्यांत: नाव-गाव, ट्रेड, कुठली मशिन चालवली, कुठला जॉब बनवला. मराठीत बोललं तरी चालतं, नावं मात्र अचूक हवीत. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हटलं की कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराच्या, आणि पीएफ, ईएसआय कापून हातात किती, हे शांतपणे विचारायचं. नोकरीआधी डिपॉझिट मागितलं तर उठून यायचं.

आणि ‘माहीत नाही’. मुलं हे म्हणायला घाबरतात आणि काहीतरी ठोकून देतात. "हे मी केलेलं नाही, सर. आमच्याकडे मॅन्युअल लेथ होता, त्यावर असं करायचो," हे वाक्य तुम्ही एकेकाकडून म्हणवून घेतलंत. ते म्हणेपर्यंत पेन्सिल खाली ठेवून तुम्ही थांबायचात. घड्याळाकडे कधी बघितलं नाहीत. माणसाला उत्तर शोधायला वेळ देणं, ही किती दुर्मीळ सभ्यता आहे! ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे त्याने ती दाखवली तर समोरचा माणूस आहे त्यापेक्षा उंच बसतो. तुम्हाला कुणी मानधन दिलं नाही, येण्याजाण्याचं भाडंही तुम्ही घेतलं नाहीत. निवृत्त माणसाच्या शनिवारची किंमत आम्हाला कळते, काका.

शाफ्ट, बुश आणि प्लेट आमच्या टूल क्रिबमध्ये (हत्यारं ठेवायच्या खोलीत) तेल लावून ठेवली आहेत. नवीन बॅचच्या सरावाच्या वेळी तीच टेबलावर येतील. वर्कशॉपमध्ये आता आम्हीही मुलांना ‘तुम्ही’ म्हणतो. पहिले आठ दिवस जीभ अडखळली, मुलंही मागे वळून बघायची की दुसऱ्या कुणाला हाक मारली का. आता बघत नाहीत.

आपले,
फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट विभागांचे निदेशक