पुस्तकातला ब्लॉग आणि आईच्या संघाचं रजिस्टर

खानापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जँगोचं, म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाईट बनवायच्या फ्रेमवर्कचं (तयार सांगाड्याचं), पुस्तक आणलंस आणि तिसऱ्या-चौथ्या धड्यातच गाडी अडली, हे आईकडून कळलं. पुस्तकातल्यासारखं अक्षर न् अक्षर टाइप केलं तरी एरर येते, असं तू तिला म्हणालीस. तू पाठवलेले पानांचे फोटो मी नीट बघितले. फोनवर अशा गोष्टी अर्ध्याच समजतात, म्हणून सविस्तर लिहितोय. वाचताना लॅपटॉप समोर घेऊन बस.

आधी तुझ्या एररबद्दल. ती तुझ्या चुकीमुळे आलेली नाही. फोटोतल्या यूआरएलच्या फाईलमध्ये 'यूआरएल' नावाचंच फंक्शन आहे आणि पुढे त्या टोपी-डॉलरच्या (^ आणि $) खुणा आहेत. ती जुनी पद्धत. डिसेंबर २०१७ मध्ये जँगो २.० आलं आणि त्यात 'पाथ' हे सोपं फंक्शन मिळालं. डिसेंबर २०२१ च्या ४.० मधून ते जुनं फंक्शन काढूनच टाकलं. तू पिपने जँगो इन्स्टॉल करताना आवृत्तीचा आकडा दिला नाहीस, त्यामुळे आजचं जँगो आलं आणि पुस्तक राहिलं कालचं. ही एरर गेली की पुढच्या धड्यात दुसरी येईल, कारण २.० पासून फॉरेन की (एक तक्ता दुसऱ्याशी जोडणारा रकाना) लिहिताना 'ऑन डिलीट', म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं ते, द्यावंच लागतं आणि तुझ्या पुस्तकात ते दिसत नाही.

जुनं जँगो बसवून बघू, असं तुझ्या मनात येईल. नको. ते आजच्या पायथॉनवर धड चालत नाही, मग पायथॉनही जुनं आणावं लागेल आणि शिकायचं राहील बाजूला. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकाची नवी आवृत्ती आहे का विचार. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं जँगो ५.२ हे दीर्घ मुदतीचं आहे, त्याला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. त्याच्यावर लिहिलेलं काही मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर हेच पुस्तक समजून घ्यायला वापर आणि कोड मात्र जँगोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून, तुझ्या आवृत्तीचं पान निवडून, ताडून घे. समजावून सांगण्यात तुझं पुस्तक चांगलं आहे, ते टाकू नकोस.

एरर आली की सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची. काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. मग तिथून वर जात, आपण लिहिलेल्या फाईलचं नाव कुठे येतं ते शोधायचं. वरपासून वाचायला घेतलं की माणूस घाबरतो, कारण त्या पंचवीस-तीस ओळींतल्या बहुतेक जँगोच्या स्वतःच्या पोटातल्या असतात.

इंग्रजीचंही मनावर घेऊ नकोस. दहावीपर्यंत तू मराठी माध्यमात शिकलीस आणि पुस्तक वाचायला वेळ लागतो याची तुला लाज वाटते, हे आई बोलली. लाज कसली? या पुस्तकांचं इंग्रजी थोडक्या शब्दांवर चालतं. तेच दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिले तीन-चार धडे वहीत शब्द उतरवून काढ, पुढे आपोआप अंगवळणी पडतं. मीही त्याच शाळेत शिकलो आणि फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसची पुस्तकं अशीच वाचली.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते.

तुझ्या पुस्तकात ब्लॉग बनवायला शिकवलंय. एक पोस्ट, तिच्याखाली कॉमेंट, लिहिणाऱ्याचं नाव. बहुतेक पुस्तकांत हेच असतं आणि त्यामागे कारण आहे. जँगो जन्मलंच एका वर्तमानपत्राच्या कचेरीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. बातमीदारांना रोज मजकूर भरायचा असतो, संपादकाला तो तपासायचा असतो आणि हे सगळं संध्याकाळच्या आत हवं असतं. म्हणून तर त्यात ॲडमिनचा भाग तयार मिळतो. मॉडेल (माहितीच्या तक्त्याची रचना) लिहिलंस, ॲडमिनमध्ये नोंदवलंस, की माहिती भरायचे तक्ते समोर हजर. ही सोय कुणाच्या गरजेतून आली ते कळलं की तिचा उपयोग कुठे करायचा तेही कळतं.

ब्लॉगचा धडा टाइप करून पूर्ण कर. कॉपी-पेस्ट नको, हाताने टाइप कर. पण तो चालला म्हणजे जँगो आलं असं समजू नकोस. ब्लॉगमध्ये जे जे ठरवायचं होतं ते लेखकाने आधीच ठरवून ठेवलंय. तुला ठरवायला काही उरलेलंच नाही. म्हणून प्रत्येक धडा झाला की तोच धडा आईच्या बायकांच्या बचत संघाच्या रजिस्टरवर करून बघ. आठवड्याचा हप्ता, आतल्या आत दिलेलं कर्ज, त्याचं व्याज, कोण आलं कोण नाही. लहानपणापासून तू ते रजिस्टर बघत आलीस.

बघ की, पहिल्याच पायरीला काय होतं. पुस्तकात पोस्ट आणि कॉमेंट जोडताना ऑन डिलीटला 'कॅस्केड' द्यायला सांगतील. म्हणजे पोस्ट पुसली की तिच्या कॉमेंटही पुसल्या जातात. ब्लॉगला ते बरोबर आहे. तेच तू सदस्य आणि हप्ता यांच्यात दिलंस आणि उद्या एखादी बाई संघ सोडून गेली, कुणी तिचं नाव पुसलं, तर तिने इतकी वर्षं भरलेले सगळे हप्ते त्या नावाबरोबर जातील. संघाची शिल्लक कागदावर एक आणि कॉम्प्युटरवर एक. बायका भांडतील आणि त्यांचं बरोबरच असेल. तिथे 'प्रोटेक्ट' हवं, म्हणजे हप्ते असलेली सदस्य जँगो पुसूच देत नाही. सोडून गेलेल्या बाईसाठी 'चालू आहे की नाही' असा एक रकाना ठेवायचा आणि सोडल्याची तारीख लिहायची. पुस्तकात एका ओळीत उरकलेली गोष्ट किती मोठी आहे, हे तुला तिथे कळेल.

पैशाचंही तसंच. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघ, ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येईल. म्हणून रकमेला फ्लोटफील्ड कधी वापरायचं नाही, डेसिमलफील्ड घ्यायचं आणि दशांशानंतर दोन घरं ठेवायची. ब्लॉगमध्ये पैसेच नसतात, त्यामुळे हे बऱ्याच जणांना नोकरीला लागल्यावर कळतं. आणि व्याजाचा दर सेटिंग्जमध्ये एकाच जागी लिहून मोकळी होऊ नकोस. समज, बैठकीत ठरलं की पुढच्या कर्जाला दोन टक्क्यांऐवजी दीड टक्का घ्यायचा. मग जुन्या कर्जाचं काय? ते जुन्याच दराने फिटणार. म्हणजे दर हा प्रत्येक कर्जाच्या ओळीत लिहिलेला पाहिजे. हे तुला कुठलंही पुस्तक सांगणार नाही, ते तुझ्या आईला माहीत आहे.

नावांकडे वळू. जँगोच्या तयार यूजरमध्ये नाव आणि आडनाव एवढे दोनच रकाने आहेत. आपल्या संघात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी असू शकतात. बायका त्यांना नवऱ्याच्या नावावरून नाहीतर गल्लीवरून ओळखतात. म्हणून सदस्याचं मॉडेल वेगळं कर आणि त्यात मधलं नाव आणि गल्ली घे. मोबाईल नंबरला 'युनिक' (एक नंबर एकाच सदस्येला) लावायचा मोह होईल, तो टाळ. सासू-सून दोघी सदस्य असतात आणि घरात फोन एकच असतो.

आणि एक गंमत करून बघ, मला ती फार शिकवून गेली. जँगोमध्ये स्लगिफाय नावाचं फंक्शन आहे, ते शीर्षकातून वेबचा पत्ता तयार करतं. त्याला 'खानापूर' दे. रिकामं उत्तर येईल, कारण ते मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आहे. मग त्याला 'अलाऊ युनिकोड' चालू करून परत दे. 'खनपर' असं येईल. निपाणीचं 'नपण'. सगळ्या काना, मात्रा, वेलांट्या गळून गेल्या! पायथॉनची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची सोय) आपल्या मात्रांना अक्षरात धरत नाही, म्हणून हे होतं. लिहिणाऱ्यांनी कुणी मुद्दाम केलेलं नाही, त्यांच्यासमोर ही लिपी नव्हती. तुझ्यासमोर आहे. तेव्हा पत्त्यात नाव घालूच नकोस, सदस्याचा नंबर घाल.

वेळेचंही सांगून ठेवतो. नवा प्रोजेक्ट उघडला की सेटिंग्जमध्ये टाइम झोन यूटीसी असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तो एशिया/कोलकाता कर. नाहीतर रात्री साडेआठच्या बैठकीत भरलेला हप्ता दुपारी तीनला भरला असं ॲडमिनमध्ये दिसेल.

भाषेचा भाग तुझ्या पुस्तकात शेवटी, परिशिष्टासारखा आहे. बरेच जण तो सोडून देतात. तू सोडू नकोस. आपल्याकडे तो पहिल्या दिवसापासून लागतो. संघात निम्म्या बायका मराठी वाचणाऱ्या, बाकीच्या कन्नड वाचणाऱ्या, आणि बँकेत गेलं की कागद कन्नड नाहीतर इंग्रजी. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे आणि कन्नडही. स्क्रीनवरची प्रत्येक ओळ गेटटेक्स्ट या भाषांतराच्या फंक्शनमधून काढायची, मग दोन्ही भाषांच्या वेगवेगळ्या फायली तयार होतात आणि त्यात ओळीला ओळ भरायची. कन्नड ओळी तू स्वतः लिही, शाळेत शिकलीस ते कामाला येईल, आणि शेजारच्या अक्कांना वाचून दाखव. कुठली ओळ कानाला खटकते ते त्या लगेच सांगतील. वाक्यांचे तुकडे मात्र जोडू नकोस. नावाला नुसतं 'ने' चिकटवून वाक्य करायला गेलीस तर 'शांताबाईने' असं होईल, आणि मोठ्या बाईला कुणी असं म्हणत नाही. त्यापेक्षा 'सदस्य', 'रक्कम', 'तारीख' असे सरळ रकाने दाखव. दोन्ही भाषांत अडचण येत नाही.

ब्राउझरमधून निघालेली मागणी यूआरएलच्या फाईलमध्ये जाते, तिथून व्ह्यूकडे, म्हणजे मागणीला उत्तर देणाऱ्या फंक्शनकडे, व्ह्यू मॉडेलकडून माहिती आणतो, टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) भरतो आणि पान परत येतं. हा रस्ता एकदा वहीत काढ आणि प्रत्येक टप्प्यावर तुझ्या कोणत्या फाईलची कोणती ओळ लागते ते लिही. 'हप्ता जमा' हे एकच बटण घेऊन काढलंस तरी पुरे. मायग्रेशनच्या (तक्त्यांतले बदल नोंदवणाऱ्या) फायली गोंधळ झाला म्हणून पुसू नकोस, थांब आणि मला विचार. सिक्रेट की (प्रोजेक्टची गुप्त किल्ली) गिटवर, म्हणजे कोड साठवायच्या जागी, चढवू नकोस. प्रत्यक्ष वापराला देशील तेव्हा डीबग (एररचा तपशील पानावर दाखवणं) बंद पाहिजे आणि रनसर्व्हर हा जँगोचा छोटा सर्व्हर चालणार नाही, तो फक्त शिकण्यापुरता. पण ते सगळं पुढचं आहे, आत्ता त्याच्यात डोकं घालू नकोस.

धडे भराभर संपवायची घाई नको. तुझ्याबरोबरची मुलं रिॲक्ट शिकताहेत, फ्लास्क शिकताहेत, आणि तुला आपण मागे पडलो असं वाटतं, हे माझ्या लक्षात आलंय. पुढचं पाठ, मागचं सपाट असं करून काही उपयोग नाही. मी बेळगावला रोज जा-ये करून सोसायट्यांची कामं करतो, तिथे नवी मुलं येतात. फ्रेमवर्कची नावं सगळ्यांना तोंडपाठ असतात. कर्ज घेतलेला सभासद वारला तर त्याच्या खात्याचं काय करायचं, असं विचारलं की गप्प होतात. तू गप्प होऊ नयेस असं मला वाटतं, आणि ते तुला जमेल याची मला खात्री आहे. हिशेब चुकला की तू लहानपणी जेवायला उठायची नाहीस.

या आठवड्यात एवढंच कर. सदस्य, हप्ता आणि कर्ज अशी तीन मॉडेल्स लिही, ॲडमिनमध्ये नोंदव आणि ती एक फाईल मला पाठव. टेम्प्लेट, रंग, डिझाइन काही नको. शनिवारच्या गाडीने येणार असशील तर आईला आधी कळव, ती संघाचं जुनं रजिस्टर काढून ठेवेल. त्यात शेवटी 'इतर' म्हणून एक रकाना आहे, त्यात काय काय लिहितात ते तिच्या शेजारी बसून विचारून घे. त्यासाठी चौथं मॉडेल लागेल असा माझा अंदाज आहे.

तुझा
बाबा