ब्लूजचा सोहळा झाला, हिशेबाचे काय?

प्रति,
संपादक,

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘लाइटनिंग इन अ बॉटल’ या माहितीपटावरचा लेख वाचला. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ७ फेब्रुवारी २००३ रोजी झालेली ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराची, मैफल अँटवान फुक्वा यांनी चित्रपटात आणली, हे लेखात नीट आले आहे. एरोस्मिथ या रॉक बँडचे स्टीव्हन टायलर आणि जो पेरी यांचे कौतुकही पोटभर झाले. त्याला हरकत नाही. पण रूथ ब्राउन यांची बोळवण ‘इतर गायिका’ एवढ्यावर झाली, ते खटकले म्हणून हे पत्र.

मेव्हिस स्टेपल्स आणि नॅटली कोल यांच्यासोबत रूथबाई रंगमंचावर येतात, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठलेली आहे. तिघी मिळून पुरुषजातीची अशी काही फिरकी घेतात, की सभागृह डोक्यावर घ्यावे! हसू ऐकून कुणाला वाटणार नाही, पण याच बाईंनी आपल्या हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे भांडण केले होते. १९४९ पासून अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला त्यांनी एकामागून एक लोकप्रिय गाणी दिली. कंपनी उभी राहिली ती रूथच्या जिवावर, असे त्या धंद्यातले लोकच म्हणत. पुढे दिवस फिरले आणि पोरे वाढवण्यासाठी याच बाईंनी लोकांच्या घरची कामे केली, बसही चालवली.

असे का व्हावे? करारच तसे असत. ध्वनिमुद्रणाचा, वादकांचा सगळा खर्च गायकाच्या रॉयल्टीतून वळता व्हायचा. रेकॉर्ड खपत राहायची आणि वहीत गायकच कंपनीचे देणे लागायचा. आपल्याकडच्या सावकाराची चोपडी आठवावी. अखेर वकिलाला हाताशी धरून त्यांनी कंपनीला जेरीस आणले. १९८८ मध्ये कंपनीने त्यांच्यासह अनेक जुन्या कलाकारांची असली देणी माफ केली, थकबाकी दिली, आणि जुन्या कलाकारांना मदत करणारे ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभारायला पैसेही दिले. चित्रपटात हे मिनिटभर तरी सांगायला हवे होते. निदान लेखात तरी.

मुळात मैफलीचे ते २००३ हे वर्षच ज्या आठवणीमुळे ‘ब्लूजचे वर्ष’ म्हणून साजरे झाले, ती आठवणही याच मासल्याची आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहताना संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांना एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकू आला. हँडींचे नाव जगभर झाले, त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नाही. हँडी तरी कुठे सुटले? ‘मेम्फिस ब्लूज’ या आपल्या गाण्याचे हक्क १९१२ साली त्यांनी अवघ्या ५० डॉलरना विकून टाकले होते. त्यातून शहाणे होऊन १९१४ चे ‘सेंट लुईस ब्लूज’ त्यांनी स्वतःच छापले. या मैफलीत नॅटली कोल गातात ते हेच गाणे. गायिका बेसी स्मिथने १९२५ मध्ये ते घरोघरी पोचवले, आणि ती बेसी १९३७ मध्ये गेल्यावर १९७० पर्यंत तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. तो बसवला रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या वॅनिटा ग्रीन यांनी मिळून.

चित्रपट वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. बेनिन देशातल्या गायिका अँजेलिक किजो यांच्या आवाजातून आफ्रिकेचा धागा सुरुवातीलाच हाती येतो. हनीबॉय एडवर्ड्स यांच्यासारखा, ब्लूजमधली दंतकथा ठरलेल्या रॉबर्ट जॉन्सनसोबत हिंडलेला माणूस इथे गाताना दिसतो, एवढ्यावरच माझे पैसे वसूल. आणखी एक राहिले: यातले गायक बडी गाय आणि शेमेकिया कोपलँड २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन गेले आहेत. मराठी वृत्तपत्रातल्या लेखात एवढी ओळ असायला हवी होती.

पुरवणीत जागा असेल तर ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांच्यावरही कुणाकडून तरी लिहून घ्यावे. आपले गाणे श्रेय न देता वापरल्यावरून लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडसारख्या बलाढ्य मंडळींवर त्यांनी १९८५ मध्ये दावा ठोकला आणि दोन वर्षांत त्यांना तडजोडीला आणले. मात्र त्या लेखात गिटारबरोबर करारांचीही माहिती येऊ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे