टॉर्च तिरका धरणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

तुमचं नाव विचारायचं राहिलं. कोटावर नावाची पट्टी होती, पण माझा चष्मा तेव्हा कपाळावर होता आणि डोळे भिंतीवर. म्हणून नुसतं बाई म्हणतो. आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीला बाईच म्हणतात, आणि त्या दिवशी फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला चर्चमध्ये तुम्ही नावाला राखणदार, पण शिकवत होतात तुम्हीच. मी मागच्या बाकावरचा.

परत येऊन तीन आठवडे झाले. आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगतो म्हणून आमची ही वैतागली आहे. एकदाचं लिहून टाकतो.

मी ड्रॉइंग मास्तर. सांगली जिल्ह्यात एका हायस्कुलात 31 वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना बसवलं. पुस्तकात ‘यथार्थदर्शन’ लिहिलेलं असायचं, मुलं पर्स्पेक्टिव्हच म्हणायची. दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर तेच चित्र: आडवी क्षितिजरेषा, मधोमध एक टिंब, त्या टिंबाकडे धावणारे रूळ आणि बाजूला लहान लहान होत जाणारे खांब. गावाबाहेरून तेव्हा मिरज-पंढरपूर नॅरोगेज जायची. मुलांना तिथे नेऊन रुळांच्या मधे उभं करायचो. एकदा एका पोराने विचारलं, “सर, पुढं रूळ खरंच भेटत असतील तर गाडी पडत कशी नाही?” बाकी सगळी हसली. मला तो प्रश्न फार आवडला होता.

हे सगळं भिंतीवर पहिल्यांदा एवढं चोख बसवलं ते मासाच्चो या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराने, हे मला ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या, वर्षात कळलं. ग्रंथालयातल्या पुस्तकात नोवेल्लातल्या त्याच्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्राचं पोस्टकार्डाएवढं काळंपांढरं चित्र होतं. त्यातल्या कमानीच्या छतावर मी पट्टी ठेवून लाल पेनाने रेघा ओढल्या, सगळ्या एका टिंबात येतात का ते बघायला. आल्या. पुस्तक खराब केलं म्हणून दंडही भरला. तेव्हापासून ती भिंत बघायची होती.

पहिल्यांदा आलो ते एका प्रवासी कंपनीबरोबर, अकरा दिवसांत सात देश. फ्लॉरेन्सला बस पियाझाले मिकेलांजेलोवर टेकडीवर थांबवली, वीस मिनिटं. “तो खाली लाल घुमट दिसतोय ना, ते फ्लॉरेन्स, फोटो काढून घ्या.” मी टूर मॅनेजरला म्हटलं, मला एका चर्चमध्ये जायचंय, स्टेशनच्या समोरच आहे. तो म्हणाला, “काका, चर्चं इथूनतिथून सगळी सारखीच.” ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 अशी सोळा वर्षं खपून, खालून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता चढवलेला तो घुमट मी बसच्या काचेतून पाहिला. मग सगळ्यांना जेवायला नेलं. जेवणात उंधियू होता. उंधियूशी माझं वैर नाही, पण फ्लॉरेन्समध्ये?

या खेपेला मुलीने जर्मनीहून तिकिटं काढून दिली आणि आम्ही दोघंच आलो. तरी तुमच्या आधी एका ठिकाणी माझ्या हातात पेन्सिल बघूनच तिथला माणूस अंगावर आला. मी भिंतीवर काहीतरी खरडणार असं त्याला वाटलं असावं. ‘खिशात घाला’ असं हाताने दाखवलं, आणि पुढे खोलीभर माझ्या मागे मागे. सत्तरीच्या उंबरठ्यावर चोरासारखं वाटलं.

त्यामुळे नोवेल्लात मी पेन्सिल जरा लपवूनच काढली. हिचा गुडघा दुखत होता, ती बाकावर बसली. मी ‘ट्रिनिटी’समोर एक डोळा मिटला, हात ताठ केला आणि छताच्या चौकोनांची तिरपी रेघ पेन्सिलीवर घेत होतो, मुलांना वस्तुचित्राचं माप घ्यायला शिकवायचो तसा. तेवढ्यात तुम्ही खुर्चीवरून उठलात. म्हटलं, झालं. पेन्सिल खाली केली.

तुम्ही पेन्सिलीकडे पाहिलंत, मग ती जिकडे रोखली होती तिकडे पाहिलंत. आणि विचारलंत, “प्रोफेस्सोरे?”

मी मान हलवली. प्राध्यापक नाही हो, मास्तर. पण इटालियनमध्ये हे कसं सांगायचं?

मग तुम्ही मला कोपराला धरून दोन पावलं डावीकडे सरकवलंत, फरशीवरच्या एका जागेवर उभं केलंत. आपला तळहात डोळ्यांसमोर आडवा धरून दाखवलंत: इथे, या उंचीला. आणि टाचा उचलल्यात. मी पाच फूट चार इंच. मीही उचलल्या. त्या चित्राचा व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे सगळ्या रेघा जिथे मिळतात ते टिंब, क्रूसाच्या पायाशी, चित्र करून घेणारं जोडपं गुडघे टेकून बसलंय त्या पायरीच्या आसपास आहे, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. टाचा उचलल्या आणि छत मागे गेलं. भिंत सपाट आहे हे मला माहीत होतं, एकतीस वर्षं मीच ते सांगत आलो, तरी गेलं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हाझारीने लिहून ठेवलंय की ही भिंत आरपार फोडल्यासारखी दिसते. (त्याच व्हाझारीने 1570 च्या सुमारास या चित्रासमोर वेदी उभारून ते झाकलं. ते 1860 च्या सुमारास पुन्हा उजेडात आलं. वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेला, चित्राच्या तळाशी रंगवलेला हाडांचा सांगाडा जागेवरच राहिला, आणि 1952 मध्ये दोघांची पुन्हा गाठ पडली. कौतुक करून झाकणारी माणसं मी शिक्षण खात्यातही पाहिली आहेत.)

इथवर कोणी चांगला गाईडही करतो. त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

तुम्ही दोरखंडाच्या आत गेलात. कोटाच्या खिशातून छोटा टॉर्च काढलात, किल्लीच्या जुडग्याला असतो तेवढा. आधी समोरून उजेड टाकलात. नुसताच रंग फटफटीत झाला. मग मनगट वळवून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवलात, आडवा. उजेड गिलाव्यावरून घसरत गेला आणि रंगाखालून रेघा वर आल्या. खाचा. सरळ, बारीक, एका कडेला उजळ, दुसऱ्या कडेला काळ्या. ओल्या चुन्यावर दोरी ताणून दाबल्याचे वळ, सहाशे वर्षांपूर्वीचे.

तुम्ही टॉर्च दातात धरलात आणि दोन्ही हातांच्या चिमटीत हवेतली दोरी ताणून सोडलीत. टक्.

बाई, याला आमच्याकडे सूत मारणं म्हणतात. सुतार गेरूत बुडवलेली दोरी लाकडावर ताणतो, मधे चिमटीत धरून सोडतो, लाल रेघ उठते. मी फळ्यावर लांब रेघ मारायला खडू चोळलेली दोरी वापरायचो. एक टोक पहिल्या बाकावरच्या पोराकडे, दुसरं माझ्याकडे. मीही हवेत दोरी ताणली आणि सोडली. तुम्ही हसलात, टॉर्च खाली पडला. त्या आवाजाने अख्खं चर्च आपल्याकडे बघायला लागलं आणि आमची ही तोंडाला पदर लावून बसली.

मग तुम्ही वर मेरीच्या चेहऱ्याकडे बोट केलंत आणि स्वतःच्या तळहातावर नखाने उभ्या-आडव्या रेघा ओढल्यात. तिच्या आकृतीवर गिलाव्यात कोरलेली चौकट आहे हे मी वाचलं होतं. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढ्या उंचीवरचं काही दिसलं नाही. पण तुमच्या तळहातावर पांढरे चौकोन उमटले ते दिसले. गॅदरिंगच्या पडद्यावर रायगड मोठा करायचा तर आम्हीही असेच चौकोन पाडतो. सत्ताविशी गाठायच्या आत, 1428 साली मेलेला तो पोरगा मासाच्चो, आणि आमच्या आठवी ब चा पडदा, दोन्हीकडे तीच युक्ती.

मला जे आवडायचं ते बिनचूक गणित आहे असं मी आयुष्यभर मुलांना सांगितलं. गणित आहेच. पण कोणीतरी दोरी धरली होती, दुसऱ्या टोकाला दुसरं कोणीतरी होतं, चुना वाळायच्या आत हात उरकायचे होते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या पुस्तकातल्या लाल रेघा चित्राच्या वर होत्या. त्याच्या खाली आहेत.

दिवसभर खुर्चीवर बसायचं, फ्लॅश मारू नका म्हणायचं, स्वच्छतागृह कुठे ते सांगायचं, हे तुमचं काम. त्यात एका परक्या म्हाताऱ्याची नजर कुठे अडकली आहे ते बघायचं कुणी सांगितलेलं नसतं. आमच्या एसटीत एखादा कंडक्टर असतो, म्हातारीचं गाठोडं आत येईपर्यंत डबल बेल देत नाही. ड्रायव्हर ओरडतो, मागचे कुरकुरतात, हा दोरीला हात लावत नाही. बँकेत एखादा असतो, फॉर्म परत न फेकता आपलं पेन पुढे करणारा. अशी माणसं मोजकी भेटली, पण सगळी लक्षात आहेत.

निघताना हिला खालचा सांगाडा दाखवला, वरची ओळ समजावली: तुम्ही आहात तसा मी होतो, मी आहे तसे तुम्ही व्हाल. ही म्हणाली, “हे कळायला इटलीपर्यंत कशाला यायचं?” तिचंही बरोबर आहे. पण बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिनेच विचारलं, त्या बाईंना आपण काही दिलं का हो?

नव्हतं दिलं. ग्रात्सिए दोनदा म्हणालो, तेही चुकीच्या उच्चारात.

म्हणून मुलीकडे एक पुडी दिली आहे. ती दिवाळीनंतर फ्लॉरेन्सला जाणार आहे, तुमचं वर्णन तिला पाठ आहे. आत आमच्या गल्लीतल्या सुताराकडचं सूत आहे, वीस हात, गेरू लावलेलं. पुडी जपून उघडा, हाताला लागलं की तो लाल रंग दोन दिवस जात नाही.

तुमचा,
मागच्या बाकावरचा मास्तर