वजन कुणी ठरवलं ते तरी कळू दे

संपादक साहेब नमस्कार,
उद्योगाला आधी काय द्यायचं, स्वस्त वीज की रस्ते की पूररेषेबाहेरची जागा, ह्यावर आपल्याकडं मीटिंगा लय होतात पण ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. ह्याला पद्धत आहे की हो, थॉमस साटी ह्या गणितज्ञानं 1970 च्या दशकात काढलेली, एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) म्हणतात. दोन-दोन मुद्दे समोरासमोर ठेवायचे, कुठला किती भारी त्याला 1 ते 9 मधला आकडा द्यायचा, त्यातनं प्रत्येकाचं वजन निघतं. आणि वीज रस्त्यापेक्षा मोठी, रस्ता जागेपेक्षा मोठा, वर जागा परत विजेपेक्षा मोठी असा घोळ घातला तर तोही सापडतो, विसंगतीचा आकडा 0.10 च्या वर गेला की परत बसून विचार करा. साध्या एक्सेलमध्ये जमतं हे.

2019 आणि 2021 ला कोल्हापूरजवळच्या शिरोलीला हायवेवर पुराचं पाणी आलं, वाहतूक बंद पडली. कास्टिंग म्हणजे धातू ओतून केलेला माल तयार असून गिऱ्हाइकाकडं पोचत नसेल तर विजेचा दर कमी करून काय उपयोग? फाउंड्रीवाला, म्हणजे हा ओतकाम करणारा कारखानदार, मात्र वीजबिलच आधी सांगणार, शेजारच्या कर्नाटकातल्या दराशी तुलना करतो ना. म्हणून आकडे द्यायला कारखानदारांबरोबर कामगार, ट्रकवाले, नदीकाठचे शेतकरी पण बसवा. नाहीतर कन्सल्टंट आधीच ठरलेलं उत्तर आकड्यात बसवून देतो, तेवढी हुशारी असतेच त्यांच्यात.

पुढच्या बैठकीआधी वजनांचा तक्ता पेपरात छापा, उद्यमनगरातल्या कारखान्यांतली माणसं चहा पिता पिता त्यातल्या चुका काढून देतील.

- एक वाचक, कोल्हापूर