मतदानाला येऊ का, म्हणतोस

रेणापूर,
11 नोव्हेंबर 2024

प्रिय सुधाकर,

"मतदानाला गावी येऊ का, की सुट्टी झोपून काढू?" असं विचारलंस. फोनवर दोन शब्दांत सांगता आलं असतं, पण पोटात फार साचलंय, म्हणून लिहायलाच बसलो.

आज सकाळी आडतीवर सोयाबीन घालून आलो. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे ओलाव्याच्या यंत्रात टाकले, आकडा बघून तोंड वाकडं केलं अन् 4,100 वर थांबला. माल परत आणायचा तर टेम्पोचं भाडं अंगावर. देऊन टाकला. बाहेर येतो तर दोन प्रचारगाड्या समोरासमोर अडकलेल्या. एका भोंग्यातून बहिणींना महिना 2,100 रुपयांचं आश्वासन, दुसऱ्यातून 3,000 चं. मधोमध आमचा रिकामा टेम्पो. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, खरा सौदा इथं चाललाय, आत नाही."

घरी येऊन हे आईला रंगवून सांगितलं, तर ती हसलीच नाही. तिच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे साडेसात हजार आलेत, त्यातून तिनं चष्मा केला. म्हणाली, "इतकी वर्षं मत दिलं, परत काही आलं ते आत्ताच." यावर काय बोलणार?

तुला 1999 आठवतं का रे? मैद्याची खळ शिजवून रात्रभर पोस्टरं चिकटवली होती आपण, भज्यांवर. काँग्रेसनं बाहेर काढल्यावर जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली. निवडणुकीत दोघं एकमेकांवर तुटून पडले आणि ऑक्टोबरात एकत्र सरकार करून मोकळे. तेव्हा चीड आली होती का आपल्याला? उलट हलगी लावून नाचलो, कारण मुख्यमंत्री झाले ते आपल्या बाभळगावचे विलासराव. म्हणून आता कुणी "पूर्वी असं नव्हतं" म्हणालं की मी गप्प बसतो.

पण 2019 नंतर जे झालं त्यानं मात्र डोकं आउट झालं. फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी, मग उद्धव ठाकरेंचा शिवाजी पार्कवरचा, मग शिंदेंबरोबर फुटलेल्या आमदारांची सुरत, गुवाहाटी, गोवा. त्यातल्या एका आमदाराचं झाडी-डोंगर-हाटेल ऐकून आपणही हसून घेतलं. पुढं शिवसेनेचं नाव नि धनुष्यबाण शिंदेंकडं, राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवारांकडं. या जानेवारीत विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला, तर शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही! पक्षांतरबंदी कायदा आहे म्हणतात. एकट्यानं उडी मारली तर चोर, कळपानं मारली तर साव. आणि जिल्हा परिषदेवर अडीच वर्षांहून जास्त प्रशासक. रस्त्याचं गाऱ्हाणं न्यायचं तर सदस्य कुठाय?

तू म्हणशील, नोटा दाब, म्हणजे 'यांपैकी कुणीच नको'चं बटण. बाबा रे, गेल्या विधानसभेला तेच केलं होतं. आपल्या लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरला होता, हजारोंनी दाबला होता. आठवडाभर पेपरात नाव आलं, आम्ही पारावर कॉलर ताठ करून बसलो. पुढं काय? शून्य. नोटा पहिला आला असता तरी त्याच्याखालचा उमेदवारच निवडून येतो, हे मला नंतर एका मास्तरानं समजावलं. या वेळी नोटा नाही, एवढं ठरलंय. बाकी कुणाला, ते खरंच अजून ठरत नाही. चिन्हाकडं बघायचं सोडलंय. अतिवृष्टीत बांधावर कोण आलं होतं, ते आठवत बसतो. दोघं आले होते, त्यातल्या एकाला तिकीटच नाही.

तरी तू ये. 19 च्या रात्रीची ट्रॅव्हल्स पकड, आई शेंगांची चटणी कुटून ठेवतेय. काल यादी बघितली. तुझं नाव आपल्या जुन्या शाळेच्या खोलीत आहे. अण्णांचंही आहे अजून, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी. त्यांच्या नावापुढं भलत्याचाच अंगठा उठायच्या आत तू त्या खोलीत असलेला बरा.

तुझा,
बाळू