रेघेच्या वर घेतल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एमबीबीएसच्या फायनलचा निकाल लागला. पास झाले. पहिला फोन आजीला करायचा असं आईचं म्हणणं, माझ्या मनात मात्र तुम्ही होतात. पण तुमचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता, आणि तुम्ही रिटायर होऊनही बराच काळ झाला. म्हणून हे उघडं पत्र. कुणीतरी तुम्हाला दाखवेलच, इंदूरची मराठी मंडळी एवढी तरी एकमेकांना धरून आहेत. कॉलेजचं नाव घालत नाही. इंदूरात ती काही एकच नाहीत, आणि ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तुम्हाला कदाचित मी आठवणारही नाही. पहिल्या वर्षी थंडीत पाठ धरली ती सुटेचना. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. वर्षभर गोळ्या, सुरुवातीचे महिने तर बिछाना आणि कमरेला पट्टा. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. मी त्याच्या आसपासही नव्हते. डिटेन झाले, ज्युनियर बॅचमध्ये आले. नियम होता, माझी त्याबद्दल तक्रार नव्हती आणि नाही.

तक्रार माणसांबद्दल आहे, ती एकदा सांगून टाकते. मणक्याचा टीबी शेजारी बसल्यानं लागत नाही हे त्या इमारतीत चपराशापासून सगळ्यांना कळायला हवं होतं. टीबीच्या रुग्णाला वाळीत टाकू नका, या विषयावर पोस्टर स्पर्धा घेणारे एक सर मला म्हणाले, "बेटा, जरा पीछे बैठा करो." बक्षीस मिळालेलं पोस्टर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच होतं. दुसऱ्या एकांनी बाबांना बोलावून सुचवलं की मुलीची तब्येत नाजूक, बीएस्सी वगैरे करू द्या, लग्नालाही बरं पडेल. सरकारनं टीबीच्या रुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे तेव्हाचे महिन्याला 500 रुपये गुपचूप खात्यात टाकले. आमच्या मोठ्या खुर्च्यांना "आता कशी आहेस" एवढंही जमलं नाही.

आता तुमच्याबद्दल.

हजेरीची यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे असायची. नवी मुलं संपली की खाली लाल पेनानं एक रेघ, आणि रेघेखाली आम्ही, मागच्या बॅचचे. यादी वाचणारा त्या रेघेशी आला की हमखास थांबायचा, चष्मा सारखा करायचा, कुणी "हां, अब पुराने लोग" म्हणायचा. सगळा वर्ग मागे वळायचा. रोज, प्रत्येक तासाला. मी 'येस सर' म्हणायची तयारी पाच मिनिटं आधीपासून करत असे.

फिजिऑलॉजीच्या पहिल्या तासाला तुम्ही नावं घेत होतात आणि 'के'च्या ओळीत, दोन नव्या मुलींच्या मधे, माझं नाव आलं. मला इतकं अनपेक्षित होतं की मी उत्तरच दिलं नाही. तुम्ही वर न बघता पुन्हा नाव घेतलंत, त्याच आवाजात, आणि पुढे गेलात. नंतर टेबलावर रजिस्टर उघडं होतं तेव्हा पाहिलं. रेघेखालची सगळी नावं तुम्ही बारीक अक्षरात आपापल्या जागी, दोन ओळींच्या मधल्या पट्टीत लिहून घेतली होती. रेघ होती तिथेच होती. तिच्याखाली कुणी उरलं नव्हतं.

याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल. प्रॅक्टिकलची टेबलं तुमच्याच रजिस्टरप्रमाणे लागली. तसं झालं नसतं तर आम्ही जुने सगळे खिडकीजवळच्या टेबलावर, त्या अंधुक मायक्रोस्कोपवर गेलो असतो. हेमॅटॉलॉजीच्या दिवशी जोडीदाराच्या बोटातून रक्त काढायचं होतं. तोवर माझ्याबद्दलची कुजबुज ज्युनियर बॅचपर्यंत पोचली होती, आणि मी स्वतःचंच बोट टोचायच्या तयारीनं कापूस घेऊन उभी होते. शेजारची देवासची मुलगी हात पुढे करून म्हणाली, "दीदी, पहले मेरी. डर लगता है, जल्दी कर दो." तिच्या तांबड्या पेशी मी न्यूबाउअर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर, तीनदा मोजल्या, कारण डोळे भरून आल्यानं आकडा चुकत होता. तिला वाटलं दीदी फारच काटेकोर आहे. ती आज माझी सगळ्यात जवळची मैत्रीण.

तुम्ही मला कधी केबिनमध्ये बोलावलं नाहीत, पाठीवर हात ठेवला नाहीत, हिंमत ठेव वगैरे म्हणाला नाहीत. बरं केलंत. तेव्हा मला कुणाच्या दयेची फार भीती वाटायची. इतकी वर्षं मी दवाखान्यात आणि कॉलेजात माणसं पाहतेय. सभेत माणुसकीवर बोलणारे पुष्कळ भेटले. हातातलं रोजचं काम करता करता समोरच्याची लाज राखणारे फार थोडे, आणि त्यांची नावं कुठल्या बोर्डावर नसतात. एक सिस्टर होती, एक लायब्ररीतले काका होते, आणि तुम्ही.

एमबीबीएस पुरं करायला 2023च्या नियमांप्रमाणे प्रवेशापासून 9 वर्षं मिळतात, इंटर्नशिप वेगळी. म्हणजे कायदा बराच दिलदार आहे. रामबागेतल्या आमच्या नातेवाइकांचा धीर मात्र पहिल्याच गणपतीत सुटला होता. "अजून फर्स्ट इयरच?" असं मोदक खाता खाता विचारणाऱ्या मावशींना परवा निकाल कळवला. त्यांनी लगेच गुडघा दाखवायला कधी येऊ असं विचारलं.

इंटर्नशिप सुरू होतेय, पहिली पोस्टिंग मेडिसिनची. कुणी तुमचा पत्ता दिला तर रविवारी पेढे घेऊन येईन. तुम्ही दुपारी झोपता असं ऐकलंय, म्हणून पाचनंतरच.

आपली विद्यार्थिनी
('के'च्या ओळीतली)